तारेचे कुंपण आणि बिनभिंतींचा तुरुंग

माणसातील दुष्टपणा रक्तातून येतो की परिस्थितीतून, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा मानला जात असला, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे राज्यकारभारातून दिली गेली. एक उत्तर सोलापूरच्या सेटलमेंटने दिले, तर दुसरे सांगोल्याच्या सीमेला लागून असलेल्या आटपाडी महालात, औंध संस्थानच्या स्वतंत्रपूर वसाहतीने.

इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. या देशात सुतारकी, विणकाम असे व्यवसाय जातीने वंशपरंपरा चालतात, त्याअर्थी गुन्हेगारीही जन्मानेच चालत असली पाहिजे, असा त्यामागचा तर्क होता. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा अनेक भटक्या जमातींवर त्याचा अंमल सुरू झाला. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्या माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावाचून हद्द ओलांडणे हाच गुन्हा ठरे. सेटलमेंट म्हणजे अशा कुटुंबांना डांबून ठेवण्यासाठी तारेच्या कुंपणाने वेढलेली सरकारी वसाहत. सोलापुरातील अशा वसाहतीतून कापडगिरण्यांना मजूर मिळत. मात्र पाळी संपवून आलेल्या कामगाराला दिवसभराच्या श्रमानंतरही प्रामाणिक मानले जात नसे, आणि आईबापांच्या संगतीने मूल बिघडेल या समजुतीपोटी मुलांना त्यांच्यापासून तोडण्याची तरतूदही कायद्यात होती.

याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी, ग्रामपंचायतींना कारभाराचा पाया मानणारी राज्यघटना स्वीकारली. तिच्या घडणीत सहभागी असलेले मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी राजेसाहेबांच्या पाठिंब्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. खुली वसाहत म्हणजे भिंती नसलेला तुरुंग: खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे बायकामुलांसह राहत, शेती करत आणि आपल्या कष्टांवर संसार चालवत. पळून जाण्यास अडसर नव्हता; पण घर, जमीन आणि टाकलेला विश्वास यांनी माणूस तेथे बांधला जाई. आटपाडी महालातल्याच शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, ज्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले.

हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले की त्यांतील विपरीतपणा लख्ख दिसतो, कारण ज्यांच्यावर खून शाबीत झाला होता त्यांच्याभोवती भिंत नव्हती आणि ज्या पोरांनी अजून पाऊलही टाकले नव्हते त्यांच्याभोवती तार होती. सेटलमेंटने माणसाचे कृत्य न पाहता कूळ पाहिले. स्वतंत्रपूरने कृत्याची शिक्षा कायम ठेवूनही माणूस त्या कृत्याहून मोठा आहे हे मान्य केले. तेथील विश्वास हा भाबडेपणा नव्हता, कारण त्याला काम, कुटुंब आणि जबाबदारी यांचा भक्कम आधार दिला होता. चांगुलपणा उपदेशाने उगवत नाही, त्याला जगण्याचे साधन लागते, हे त्या वसाहतीच्या चालकांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायद्याच्या पुस्तकातून पुसलेला शिक्का समाजाच्या मनातून पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्यांच्या पालावरच जातो. चांगले-वाईट प्रत्येक माणसात असते आणि त्यातले काय वाढीला लागेल हे पुष्कळसे त्याच्याशी होणाऱ्या वागणुकीवर ठरते, हे आटपाडीच्या माळावर सिद्ध झाले आहे. म्हणून जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सवय सोडणे हे आता कायद्याचे नव्हे, समाजाचे कर्तव्य आहे.