धर्मगुरूच्या लघुचित्राचे कूळ

तळहातात सहज मावणारी, हस्तिदंताच्या लंबगोल पापुद्र्यावर रंगविलेली एखाद्या कॅथलिक धर्मगुरूची तसबीर पाहिली, की ही हौस राजदरबारांतून धर्मपीठात शिरली असावी असे वाटते. परंतु या कलेचे मूळ घराणे प्रार्थनापोथ्यांचे आहे. चर्मपत्रावर बारीक कुंचल्याने चित्रे काढण्याची जी विद्या युरोपातील मठांत वाढली आणि पुढे नगरांतील चित्रशाळांत स्थिरावली, तिचा परमोत्कर्ष जूलिओ क्लोव्हिओ या दीक्षित चित्रकाराने कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेझे यांच्यासाठी १५४६ मध्ये पूर्ण केलेल्या प्रार्थनापोथीत पाहावयास मिळतो.

तत्पूर्वीच, १५२० नंतरच्या दशकात, फ्रान्स व इंग्लंडच्या दरबारांत ही चित्रे पोथीच्या पानातून सुटून स्वतंत्र झाली होती. आठव्या हेन्रीच्या पदरी असलेला लुकास होरेनबाउट हा गेंट येथील पोथीचित्रकारांच्या घराण्यातला. त्याने आणि त्याच्यामागून हॉल्बाइनने रंगविलेल्या तसबिरींचे चर्मपत्र जाडपणासाठी खेळण्याच्या पत्त्यावर चिकटविलेले असे, आणि विवाहाच्या वाटाघाटींत अशा तसबिरी वकिलांहाती परमुलखात जात.

१७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कार्रिएराने तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांसाठी हस्तिदंत वापरावयास घेतला, तेव्हा या कलेची कायाच पालटली. हस्तिदंत स्निग्ध असल्याने त्यावर जलरंग ठरत नाही; म्हणून त्याचा पृष्ठभाग घासून, त्यातील तेलकटपणा काढून, डिंकात कालविलेला रंग ठिपक्याठिपक्यांनी द्यावा लागे. चेहऱ्यावर रंगाचा थर इतका विरळ ठेवीत, की खालच्या हस्तिदंताची आभा त्वचेची कांती होऊन प्रकटे.

सहधर्मिणी वा संतती नसलेल्या धर्मगुरूची तसबीर बाळगावी कोणी? कार्डिनल हेन्री बेनेडिक्ट स्टुअर्ट यांचे उदाहरण घ्यावे. १७४७ मध्ये कार्डिनल झालेले हे गृहस्थ पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज होते, आणि १७८८ मध्ये बंधू निवर्तल्यावर इंग्लंडच्या तख्तावरील दावा त्यांच्याकडे आला. या घराण्याच्या पक्षपात्यांना त्यांची छोटी तसबीर म्हणजे खिशात दडविता येणारी राजनिष्ठा होती. इतरत्र आप्त, शिष्य आणि आश्रित हे अशा तसबिरींचे धनी होत.

१८३९ मध्ये दागेरचे छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले आणि थोड्याच दशकांत या कारागिरांची उपजीविका बुडाली. तोवर धर्मपीठाने आपल्याच पोथ्यांवर पोसलेली ही विद्या आपल्या अधिकाऱ्यांच्या तसबिरींच्या रूपाने दरबाराकडून पुरती वसूल करून घेतली होती.