किर्लोस्करवाडी: माळ आणि रूळ

कारखान्याचे गाव म्हटले की कोळशाची खाण, लोखंडाची माती अथवा बंदर जवळ असावयाचे, असा ठोकताळा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. किर्लोस्करवाडीजवळ यांपैकी एकही नाही. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 साली कुंडलनजीकच्या ज्या माळावर उतरले, तेथे निवडुंग तेवढे मुबलक होते.

ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती केवळ एका पुरुषाच्या पराक्रमाची म्हणून सांगितली जाते, हे आम्हांस अपुरे वाटते. माळ ओसाड खरा, पण पुणे-मिरज लोहमार्ग त्याला लागूनच गेलेला होता. शिवाय तो माळ औंध संस्थानाचा. औंधचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे. राजधानीपासून तुटलेला नेमका हाच तुकडा रुळांवर पडला होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, वर 10 हजार रुपये बिनव्याजी दिले.

आणि माल कोणता, तर लोखंडी नांगर! लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत. बेळगावी पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली होती. गिऱ्हाइकाचे मन वळविण्याची गरज वाडीतही सरली नाही. 1920 साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' मासिकाचे मूळ त्यातच आहे.

चेक देशातील झ्लीन येथे 1894 साली बाटांनी जोड्यांचा कारखाना काढला. पण झ्लीन हे आधीचेच गाव. इकडे वस्तीनेच कारखानदाराचे नाव घेतले, आणि पुढे 'कुंडल रोड' स्टेशनच्या पाटीवरही तेच आले.