शंकेच्या नदीकांठचा मुक्काम

नदीकांठच्या मुक्कामाचें नांव काढलें कीं, शहरांतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें चांदणें, शेकोटी आणि वाळूवर टाकलेली पथारी उभी राहते. आज ज्या मुक्कामांची हकीकत आपणांस सांगावयाची आहे, त्यांत शेकोटी होती. सुख मात्र फारसें नव्हतें.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१२ ची निवडणूक हरले व पुढल्या वर्षीं व्याख्यानांसाठीं दक्षिण अमेरिकेंत गेले. तेथें ब्राझीलच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं त्यांना एका अज्ञात नदीचा शोध लावण्याचें सुचविलें. तारायंत्राचा मार्ग आंखीत असतां कर्नल रोंडोन यांना १९०९ सालीं तिचा उगम आढळला होता. ती पुढें कोठें जाते हें कोणास ठाऊक नसल्यामुळें त्यांनीं तिला ‘शंकेची नदी’ हेंच नांव दिलें. कोणास म्हणजे नकाशे काढणारांस. तिच्या कांठीं राहणारांस कसली शंका असणार?

२७ फेब्रुवारी १९१४ रोजीं बावीस माणसें सात डोंग्यांतून निघालीं. रूझवेल्ट तेव्हां ५५ वर्षांचे होते. मुलगा कर्मिट बरोबर होता. थोड्याच दिवसांत खळाळ सुरू झाले. खळाळ लागला कीं सामान उतरावयाचें, कुऱ्हाडीनें रानांतून वाट पाडावयाची, तिच्यावर ओंडके आडवे टाकावयाचे आणि त्यांवरून ते जड डोंगे ओढीत न्यावयाचे. अशा एका खळाळापाशीं मार्चच्या एका रात्रीं पाणी चढलें, दोर तुटले आणि दोन डोंगे गेले. मग एक मोठें झाड पाडून नवा डोंगा कोरावयास घेतला. रात्रीं मेणबत्त्यांच्या उजेडांत काम चाले आणि भोंवतीं तें काळेंभोर अरण्य उभें असे. वाळवीनें रूझवेल्टसाहेबांची टोपीसुद्धां पोखरली. नवा डोंगा तयार होऊन मंडळी निघालीं, तों दुसऱ्याच दिवशीं सिंप्लिसिओ नांवाचा नावाडी बुडाला.

त्याच्याही दुसऱ्या दिवशीं, १६ मार्चला, रोंडोन शिकारीसाठीं कांठाकांठानें चालले होते. पुढें गेलेला त्यांचा लोबो नांवाचा कुत्रा एकाएकीं विव्हळला. तो बाणांनीं मारला गेला होता. मारणारा दिसला नाहीं. आपल्यावर पाळत आहे हें तेव्हां सर्वांना कळलें. दुसरा कोणी असता तर रानांत गोळ्या झाडल्या असत्या. रोंडोन यांनीं त्या जागीं भेटवस्तू ठेवविल्या. ते स्वतः आईकडून आदिवासी रक्ताचे होते, आणि मरावें लागलें तरी मारावयाचें नाहीं असा त्यांच्या तुकडीचा नियम होता. माझ्या मतें बहुतेक मंडळी ज्या कारणांनीं जिवंत राहिलीं, त्यांत या नियमाचा वांटा मोठा आहे. चरित्रकार मात्र रूझवेल्टांच्या धैर्यावरच थांबतात.

तें धैर्य खोटें नव्हे. पायाला झालेली जखम चिघळली, तापानें ते बरळूं लागले. मला येथेंच सोडून पुढें जा, असें त्यांनीं सांगितलें. कर्मिटनें ऐकलें नाहीं. त्याच सुमारास जुलिओ नांवाच्या मजुरानें नायकाला गोळी घालून रानांत पळ काढला. तीन दिवसांनीं तो कांठावरून हांका मारूं लागला. डोंगे थांबले नाहींत. पुढच्या मुक्कामावरून रोंडोन यांनीं त्याला शोधण्यास माणसें पाठविलीं. तीं रिकाम्या हातांनीं परतलीं.

२६ एप्रिलला मदतीची तुकडी भेटली. शासनानें नदीला रूझवेल्टचें नांव दिलें. लंडनमध्यें कित्येकांचा विश्वास बसेना. १९२७ मध्यें डायॉट नांवाच्या संशोधकानें तीच वाट धरून तो प्रवास खरा असल्याचें दाखविलें, पण रूझवेल्ट १९१९ सालींच वारले होते. रोंडोन १९५८ पर्यंत जगले. त्याच्या दोन वर्षें आधीं ज्या प्रदेशांतून ती नदी वाहते त्याला रोंडोनिया हें नांव मिळालें. ज्यांचे ते बाण असावेत, ते सिंता लार्गा लोक आजही तिच्या कांठीं राहतात.