भागाकार अजून चालत नव्हता

गेल्या शनिवारी एक मित्र लॅपटॉप घेऊन घरी आला. ऑफिसात काम करणाऱ्या एकट्या पोरांना घरगुती डबा पुरवायचा, महिन्याची वर्गणी घ्यायची, अशी त्याची स्टार्टअपची कल्पना. नोकरी सांभाळून तीन महिने बाणेरमध्ये प्रयोग करून झालाय. आता नोकरी सोडायची म्हणतोय, आणि मी त्यात पाच लाख घालावेत अशी त्याची इच्छा आहे. पाच वर्षांचं आर्थिक गणित त्याने एआयकडून करून घेतलं होतं. "वीस मिनिटांत झालं राव! सीएने आठवडा लावला असता." चार शीट्स, रंगीत आलेख, आणि चौदाव्या महिन्यात नफा. बघून मीही गार झालो.

विचार करून सांगतो म्हटलं, आणि तो गेल्यावर भलतंच वाचत बसलो. (आई याला पळवाट म्हणते. असेल.) एआय आल्यापासून जो तो म्हणतोय की कामाचा असा वेग पूर्वी कधीच वाढला नव्हता. पण वाढला होता की! आणि नेमका धंदा काढणाऱ्यांचा आणि पैसे गुंतवणाऱ्यांचाच.

साल १९७८. डॅन ब्रिकलिन नावाचा एमआयटीतून शिकलेला इंजिनीयर हार्वर्डमध्ये एमबीए करत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर उभ्याआडव्या रेघा मारून कंपनीचे आकडे मांडायचे. एखादा आकडा चुकला किंवा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे आणि परत लिहायचे. ब्रिकलिनने आधी डेक कंपनीत वर्ड प्रोसेसरवर काम केलेलं. शब्द पुसून दुरुस्त करता येतात तर आकडे का नाही, असं त्याला वाटलं. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील असा फळा!

त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने तो प्रोग्रॅम लिहिला, अर्लिंग्टनमधल्या घराच्या माळ्यावर बसून आणि मुख्यतः रात्री, कारण एमआयटीच्या मोठ्या कॉम्प्युटरवरचा वेळ रात्री स्वस्त मिळायचा. (आपले क्लाऊडचे बिल वाचवायचे उद्योग आठवले.) नाव ठेवलं व्हिजीकॅल्क. ६३ उभे रकाने, २५४ ओळी, बस्स.

यातला माझा आवडता किस्सा १९७९ च्या सुरुवातीचा. पेप्सीच्या एका केसचा गृहपाठ ब्रिकलिनने आपल्या अर्धवट प्रोग्रॅमवर केला आणि इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त शक्यता तपासून वर्गात गेला. प्राध्यापकांनी विचारलं, हे काढलंस कसं? त्याने सांगितलं, यात हे मिळवलं, त्याला त्याने गुणलं. मग सरळ गुणोत्तर का नाही वापरलंस? त्यावर साहेब म्हणाले की ते इतकं अचूक आलं नसतं! खरं कारण असं की प्रोग्रॅममध्ये भागाकार अजून चालत नव्हता :) हे त्याने स्वतःच नंतर एका भाषणात सांगितलंय. म्हणजे या टूलने केलेल्या अगदी पहिल्या कामातसुद्धा उत्तर कसं आलं हे बघणाऱ्याला कळत नव्हतं, आणि तरीही त्याची छाप पडली.

व्हिजीकॅल्क ऑक्टोबर १९७९ मध्ये बाजारात आलं, किंमत साधारण १०० डॉलर. ते चालवायला हजारो डॉलरचा अ‍ॅपल टू घ्यावा लागे, आणि लोक तो घेऊ लागले. बेन रोझेन नावाचा मॉर्गन स्टॅन्लीचा विश्लेषक हे त्याआधीच, जुलैमध्ये ओळखून होता. कुत्र्याने शेपूट हलवण्याऐवजी हे शेपूटच कुत्र्याला हलवेल, म्हणजे सॉफ्टवेअरच कॉम्प्युटर खपवेल, असं त्याने आपल्या पत्रकात लिहिलं. पुढे तो स्वतःच गुंतवणूकदार झाला आणि त्याने मिच केपॉरच्या लोटस कंपनीत पैसे घातले. लोटस १-२-३ जानेवारी १९८३ मध्ये आलं आणि पहिल्याच वर्षी कंपनीची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. गंमत म्हणजे कंपनीने स्वतःच्या योजनेत धरलेली विक्री याच्या आसपासही नव्हती. अंदाज बांधायचं टूल विकणाऱ्यांचा अंदाज! दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, लोटसने ब्रिकलिनची कंपनी विकत घेतली आणि व्हिजीकॅल्क बंद झालं. असो.

तोवर वॉल स्ट्रीटला नाद लागला होता. कर्ज काढून आख्खी कंपनी विकत घ्यायची तर व्याज दोन टक्के वाढलं तर काय, एक कारखाना विकला तर काय, असे शंभर प्रश्न. पूर्वी एका प्रश्नाला एक दिवस जायचा, आता एक मिनिट. स्टीव्हन लेव्ही या पत्रकाराने नोव्हेंबर १९८४ च्या 'हार्पर्स' मासिकात यावर मोठा लेख लिहिला. शीटमधला धंदा काल्पनिक असतो हे शीट करणाराच विसरतो, आणि सगळी इमारत गृहीतकांवर उभी असते, असं त्याचं म्हणणं होतं. चाळीस वर्षं झाली, पण लेख शिळा वाटत नाही.

आणि भागाकाराने पुढे सूड उगवलाच. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनला लंडनच्या एका ट्रेडिंग डेस्कवर ६ अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. बँकेच्याच २०१३ च्या अहवालात आहे की जोखीम मोजायचं नवं मॉडेल एक्सेलमध्ये हाताने कॉपी-पेस्ट करून चालायचं आणि त्यात एके ठिकाणी सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागलं जात होतं. दोन आकड्यांची बेरीज सरासरीच्या दुप्पट, म्हणजे चढउतार निम्मे दिसणार. नुकसान काही या एका चुकीने झालं नाही, पण धोका कमी दिसायला तिचा हातभार लागला.

हे सगळं वाचताना एक फरक मात्र जाणवला. व्हिजीकॅल्कपासून एक्सेलपर्यंत गृहीतक माणूस टाईप करायचा. थापा मारल्या तरी त्या त्याच्या असायच्या आणि "हा आकडा कुठून आणलास?" असं त्याला विचारता यायचं.

रविवारी मित्राला परत बोलावलं. शीटमधल्या डी ७ या चौकटीत लिहिलं होतं: दरमहा गळणारे ग्राहक, ४ टक्के.

"हे कुठून आलं रे?"

"त्यानेच घातलंय. अशा धंद्यात तेवढंच असतं म्हणे."

"तू विचारलंस का त्याला, कशावरून?"

गप्प.

मग आम्ही त्याच्या यूपीआयच्या नोंदी काढून वहीत पोरं मोजली. पहिल्या महिन्यात पैसे भरणारे ३१. त्यातले दुसऱ्या महिन्यात २४ उरले, तिसऱ्यात १९. म्हणजे महिन्याला साधारण २२ टक्के गळती. डी ७ मध्ये ४ पुसून २२ टाकले. चौदाव्या महिन्यातला नफा गेला, आणि साठ महिने खाली जाऊनही परत कुठे सापडला नाही. आलेख मात्र तसेच सुबक.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, दोन पोरांची कंपनीच बदलली, एक लग्न करून गेला, ते धरू नकोस. मी म्हटलं, लग्नं तर पुढेही होणारच की! हसला, पण वाईट वाटलं मला. शेवटी असं ठरलं की सोडून गेलेल्या बाराही जणांना त्याने स्वतः फोन करायचा. काल रात्रीपर्यंत सात झाले होते. त्यातल्या चौघांनी एकच सांगितलं, की शुक्रवारी आम्ही घरून काम करतो, पाच दिवसांचे पैसे कशाला भरू? असला प्रश्न शीटमध्ये कुठेच नव्हता. आता तो चार दिवसांच्या डब्याचा हिशेब मांडतोय, यावेळी हाताने. राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे, आणि माझे पाच लाख माझ्या खात्यात.