वाळू बांधून ठेवणारे काटेरी गवत

समुद्रकिनाऱ्यावर भरतीच्या रेषेपलीकडे जी कोरडी, भुसभुशीत वाळू असते, तिच्यात रोपाने रुजावे असे फारसे काही नसते. पाणी पडले तरी ठरत नाही, अन्नद्रव्ये नावालाच असतात, दुपारी वाळू तव्यासारखी तापते आणि खारे तुषार व उडणारी वाळू पाने झोडपून काढतात. अशा जागी पहिले ठाण मांडणाऱ्या मोजक्या वनस्पतींपैकी एक म्हणजे ‘स्पायनिफेक्स लिटोरियस’ हे बहुवर्षायू गवत. कोकण-गोव्यापासून तमिळनाडू, श्रीलंका आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांपर्यंत ते आढळते. अनेक ठिकाणी जांभळ्या फुलांची मर्यादवेल त्याच्या सोबतीला असते.

स्पायनिफेक्स या लॅटिन नावाचा अर्थ ‘काटे घडविणारा’. अनवाणी चालणाऱ्यास तो निराळा सांगावा लागत नाही. तमिळ लोक या गवताला ‘रावणाची मिशी’ म्हणतात, तर सिंहली लोक त्यात रावणाची दाढी पाहतात. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ‘स्पिनिफेक्स’ म्हणून ओळखले जाणारे गवत मात्र वेगळे आहे. त्याचे शास्त्रीय नाव ट्रायोडिया.

पाने निळसर हिरवी, ताठ आणि सुईसारख्या टोकाची. ती पन्हळीसारखी आत वळलेली असल्याने पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. नर व मादी फुलोरे वेगवेगळ्या झाडांवर येतात. मादी फुलोरा म्हणजे लांब काट्यांचा मोठा गोल चेंडूच. बी तयार झाले की तो देठापासून तुटतो आणि वाऱ्याबरोबर पुळणीवरून घरंगळत जाऊन बी पसरवितो.

या गवताचे खरे सामर्थ्य त्याच्या आडव्या धावत्या खोडात आहे. खोडाच्या पेऱ्यापेऱ्यातून मुळे खाली उतरतात. पानांच्या झुबक्यांशी वाऱ्याचा वेग मंदावतो व त्याने आणलेली वाळू तिथेच पडते. इतर बहुतेक रोपे अशा वेळी गुदमरून मरतात. हे गवत मात्र वर वाढते, नव्या पेऱ्यांतून नवी मुळे सोडते आणि पुन्हा वाळू अडविते. या चढाओढीतूनच वाळूची टेकडी, म्हणजे वालुकागिरी, उभी राहते.

टेकडी ही किनाऱ्याची वाळूची ठेव असते. पावसाळ्यात खवळलेला समुद्र पुळणीची वाळू ओढून नेतो व पुढे शांत ऋतूत तिचा बराच भाग परत आणून टाकतो. मोठ्या वादळात टेकडीचा पुढचा भाग खचतो. पण तेवढ्यात लाटांचा जोर ओसरून मागची वस्ती बचावते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हेच नोंदविले. टेकड्या शाबूत होत्या तिथे पाणी अडले. जिथे त्या कापल्या वा सपाट केल्या होत्या, तिथून ते आत घुसले.

२०११ आणि २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनांनी वालुकागिरींना सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान दिले. प्रत्यक्षात समुद्राचे दर्शन व्हावे म्हणून टेकड्या सपाट केल्या जातात आणि काटे टोचतात म्हणून गवत उपटले जाते. पर्यटकांच्या मोटारी तर पुळणीवर सर्रास उतरतात. खोड एका जागी तुटले, की वारा तिथली वाळू उपसू लागतो आणि खिंड रुंदावत जाते. सुरूची लागवड हा त्यावरचा उपाय मानला जातो. परंतु पुढच्या रांगेतले हे काम सुरूला साधत नाही. समुद्र आत सरकला की सुरूची झाडे मुळांसकट आडवी होतात, हे कोकणात अनेकांनी पाहिले आहे. शिवाय त्याच्या दाट सावलीत व सुकलेल्या काड्यांच्या थराखाली उन्हाची सवय असलेले हे गवत तग धरत नाही.

पेरे असलेले खोडाचे तुकडे ओलसर वाळूत रोवल्यास ते मूळ धरतात. पावसाळा हा त्यासाठी सोयीचा काळ. मात्र मुळे खोलवर जाईपर्यंत त्या पट्ट्यावरून माणसांची व गुरांची ये-जा बंद ठेवावी लागते आणि किनाऱ्यावर जाण्यासाठी एकच ठरलेली वाट ठेवावी लागते.