दहिसरचा नाका आणि विधिमंडळाची कार्यक्रमपत्रिका

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकारचे चहापान, त्यावर विरोधकांचा बहिष्कार आणि मग मुख्यमंत्र्यांची पत्रकार परिषद, हा क्रम महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला आहे. येत्या अधिवेशनात नवी विधेयके किती, प्रलंबित किती, अध्यादेशांची जागा घेणारी किती, हे आकडे तिथे सांगितले जातात आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत छापून येतात. जे धोरण ठरले त्याचा भार कोण उचलणार आणि ती जबाबदारी कायद्यात लिहिली जाणार की नाही, हे मात्र त्या यादीवरून कळत नाही. सरकारचे विधिमंडळातील कामकाज याच प्रश्नावर तपासायला हवे, असे माझे ठाम मत आहे. त्याचा पुरावा शोधायला विधान भवनापेक्षा मुंबईच्या उत्तर वेशीवर, दहिसरच्या नाक्यावर जावे.

दहिसर मुंबईत आले तेच मुळी कायद्याने. १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेच्या बाजूने जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूने भांडुपपर्यंत नेली गेली. त्यानंतर १९५६ च्या कायद्याने ती आणखी वाढली आणि १ फेब्रुवारी १९५७ पासून दहिसर व मुलुंड ही शहराची दोन टोके ठरली. नुसती रेघ पुढे सरकवून तो कायदा थांबला नाही. महापालिकेच्या मूळ १८८८ च्या कायद्याच्या अनुसूचीतही त्याने बदल केले. पाणी, गटारे आणि शाळा काही रेघेबरोबर एका दिवसात येत नाहीत. पण ती देण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हे त्या दिवसापासून ठरले. रेघेपलीकडचे मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच राहिले. तिथे १९८५ मध्ये नगरपालिका आली आणि २००२ मध्ये महापालिका. एकच महामार्ग आणि एकच लोकलची लाइन, पण मधोमध दोन कारभारांची सीमा. पुढे नाक्याला जे महत्त्व आले ते या सीमेमुळे.

ते महत्त्व जकातीचे होते. गुजरातकडून येणारा ट्रक दहिसरला थांबायचा. चालक किंवा त्याचा जकात दलाल मालाचे बिल खिडकीवर द्यायचा, दर पाहून रक्कम काढली जायची, पैसे भरून पावती हातात पडली की गाडी पुढे निघायची. बिलातल्या किमतीबद्दल शंका आली तर ताडपत्री सोडून माल तपासला जाई आणि मागची रांग वाढत जाई. या थांब्यात इंधन जळत होते, वेळ जात होता आणि चिरीमिरीला वाव होता. व्यापाऱ्यांचा जकातीवरचा राग अगदी रास्त होता. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेवटच्या वर्षांत जकातीतून मुंबई महापालिकेला वर्षाला सुमारे ७,००० कोटी रुपये मिळत होते. रोजच्या रोज तिजोरीत पडणाऱ्या या रोकडीवर शहराची रुग्णालये, रस्ते आणि जलवाहिन्या चालत होत्या. म्हणूनच इतर शहरांतली जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी निघाला, तरी मुंबईची जकात हलली नाही.

ती हलवायला राज्यघटनेची दुरुस्ती लागली. जकात पोटात घेणाऱ्या वस्तू व सेवा कराच्या १०१ व्या घटनादुरुस्तीला महाराष्ट्राने २९ ऑगस्ट २०१६ रोजी एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मान्यता दिली आणि मे २०१७ मध्ये आणखी एक विशेष अधिवेशन झाले. त्या वेळी कार्यक्रमपत्रिकेवर राज्याच्या करविधेयकाबरोबर दुसरे विधेयक होते, स्थानिक संस्थांना नुकसानभरपाई देण्याचे. महापालिकेची सत्ता असलेल्या शिवसेनेने भरपाईचा आग्रह धरला होता. तो राजकीय होता हे खरे, पण त्यातून निघालेला मजकूर कायद्याचा होता. २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरायचे, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ वाढ द्यायची आणि रक्कम दर महिन्याला वेळेत चुकती करायची, हे त्यात लिहिले गेले. १ जुलै २०१७ ला जकात नाका बंद झाला आणि ५ जुलैला ६४७ कोटींचा पहिला धनादेश महापालिकेला मिळाला.

यावर एक आक्षेप असा, आणि तो हलका नाही, की महापालिकेने आपल्या वेशीवर स्वतः मिळवायचे उत्पन्न गमावले आणि ती मंत्रालयाच्या धनादेशाकडे डोळे लावून बसली. स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने हे नुकसानच आहे आणि ते भरून निघालेले नाही. तरीही मर्जीवर मिळणारे अनुदान आणि कायद्याने बांधलेले देणे यांत मोठा फरक आहे. हप्ता चुकला तर महापालिका कलमावर बोट ठेवून मागू शकते. मे २०१७ च्या त्या अधिवेशनात चर्चेला तीनच दिवस मिळाले, बहुमत सरकारकडेच होते, असेही म्हटले जाईल. मान्य. पण सभागृहापुढे यायचे आहे या एका सक्तीमुळे कर आणि भरपाई हे दोन्ही हिशेब एकाच वेळी टेबलावर आले.

याच नाक्याजवळच्या टोलचे उदाहरण नेमके उलटे आहे. १९९० च्या दशकातल्या उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन अशा पाच प्रवेशद्वारांवर पथकर सुरू झाला. २०१० मध्ये १६ वर्षांच्या वसुलीचे हक्क एका कंपनीला २,१०० कोटी रुपये आगाऊ घेऊन दिले गेले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने हलक्या मोटारींना टोलमाफी दिली, ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मावळत्या विधानसभेचे अखेरचे अधिवेशन जुलैमध्येच आटोपले होते. दहिसर-मीरा रोडच्या रहिवाशांना दिलासा हवाच होता. घर एका महापालिकेत आणि नोकरी दुसरीत, म्हणून मोटारीमागे ४५ रुपये भरा आणि वर कोंडीत अडका, हे अन्यायाचेच होते. निर्णय बेकायदा होता असेही नाही, कारण मोटार वाहन कर कायदा १९५८ च्या कलम २० ने पथकराचे अधिकार शासनालाच दिले आहेत. माझा आक्षेप एवढाच की माफी आधी आली आणि तिची किंमत कोण मोजणार ही चर्चा मागे राहिली. असा खर्च पुढे पुरवणी मागण्यांतून सभागृहात येतो. तिथे कोट्यवधींच्या इतर मागण्यांच्या गर्दीत तो मंजूर होतो आणि त्यावर स्वतंत्र चर्चा व्हायला वाव जवळपास उरत नाही.

दरवेळी विधेयक आणायचे तर लोकांना दिलासा मिळायला वर्षे लागतील, असे कोणी म्हणेल. पण २०१७ चे अधिवेशन खास बोलावलेले होते आणि काम तीन दिवसांत झाले. तेव्हा येत्या अधिवेशनाच्या यादीत कलम २० ची दुरुस्ती असायला हवी. पथकरात सूट द्यायची असो, वसुलीची मुदत वाढवायची असो की ठेकेदाराला भरपाई द्यायची असो, त्याचा संपूर्ण हिशेब त्याच अधिवेशनात, आणि अधिवेशन चालू नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच आठवड्यात, दोन्ही सभागृहांपुढे ठेवणे शासनावर बंधनकारक व्हावे. दहिसरच्या नाक्यावर अवजड वाहने अजूनही पथकर भरतात. त्यांची वसुली कधी थांबणार हे ठरवताना हा नियम पहिल्यांदा लावता येईल.