‘फॉल्ट’ आणि ‘विभंग’ : एका भूशास्त्रीय संज्ञेचा अर्थशोध

भूशास्त्रातील ‘फॉल्ट’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘विभंग’ हा प्रतिशब्द रूढ आहे. खडकात तडा जाऊन त्याच्या दोन्ही बाजू परस्परांच्या सापेक्ष सरकल्या, तरच त्या तड्याला ही संज्ञा लागू होते; नुसती भेग पुरेशी नसते. सर्वसाधारण व्यवहारात मात्र ‘फॉल्ट’ म्हणजे दोष, चूक, अपराध. खडकाच्या सरकण्याला दोषवाचक नाव का मिळाले आणि मराठी परिभाषेने त्या जागी काय योजिले, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

‘फॉल्ट’चे मूळ लॅटिनमधील ‘फालेरे’ या क्रियापदात आहे. फसवणे, उणे पडणे हे त्याचे अर्थ. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचे रूप ‘फाउट’ असे, लकाररहित होते; लॅटिन मुळाची आठवण ठेवून पुढे त्यात लकार घातला गेला. उणीव, अभाव हा त्याचा जुना अर्थ इंग्रजीतही दीर्घकाळ प्रचलित होता आणि खाणकामगारांनी उचलला तो हाच. कोळशाचा थर धरून खणत जाणाऱ्या कामगारासमोर एकाएकी निराळाच खडक उभा राही. थर वर गेला की खाली, हे त्याला कळत नसे. कोळसा उणा पडला एवढेच कळे. संज्ञेत अपराध नव्हता, नुकसान होते.

याच परिवारातील इतर शब्दही खाणीतलेच आहेत. विभंगाचे प्रतल तिरके असेल, तर कामगाराच्या डोक्यावर येणारी बाजू ‘हँगिंग वॉल’, पायाखालची ‘फुट वॉल’. ‘थ्रो’ आणि ‘हीव्ह’ या शब्दांची गंमत अधिक आहे. प्राचीन इंग्रजीत ‘थ्रावन’ म्हणजे पिळणे, वळवणे. ‘हेब्बन’ म्हणजे उचलणे. भूशास्त्रात मात्र ‘थ्रो’ हे उभ्या विस्थापनाचे माप झाले आणि उचलण्याचा अर्थ असलेला ‘हीव्ह’ आडव्या विस्थापनाचे. शब्दाचे मूळ आणि शास्त्रातील अर्थ यांच्यातही असा विभंग पडू शकतो. बेंगळुरूहून ही शब्दसंपदा दूरची वाटण्याचे कारण नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणींत १८८० पासून जॉन टेलर कंपनीबरोबर इंग्रजी खाणभाषा आली. २००१ मध्ये त्या खाणी बंद झाल्या. पण तेथील एक मोठा विभंग आजही ‘मायसोर नॉर्थ फॉल्ट’ याच नावाने ओळखला जातो.

मराठी संज्ञेची जडणघडण याहून वेगळी. ती खाणीत नव्हे, परिभाषाकारांच्या मेजावर झाली. ‘भञ्ज्’ या संस्कृत धातूवरून आलेला ‘विभंग’ मराठी कानाला परका नाही. संतांचा ‘अभंग’ त्याच कुळातला. भूगोलाच्या पुस्तकांतील ‘प्रस्तरभंग’ही तिथलाच. हिंदीने ‘भ्रंश’ स्वीकारला. त्यात जागेवरून ढळण्याची, पडण्याची कल्पना आहे. पण ‘बुद्धिभ्रंश’, ‘अपभ्रंश’ यांमुळे अधोगतीची छटाही येते. ‘विभंग’ निर्दोष आहे. त्याची मर्यादा दुसरीकडे आहे : तो तुटणे सांगतो, सरकणे सांगत नाही, आणि व्याख्येचा प्राण तर सरकण्यात आहे.

ही उणीव मराठी क्रियापदे भरून काढतात. जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांच्या १८९६ च्या ग्रंथाने प्रसिद्धीस आणलेल्या ‘रिफ्ट व्हॅली’ला मराठीने ‘खचदरी’ म्हटले. ‘रिफ्ट’ म्हणजे केवळ फट. ‘खचणे’ मात्र विहिरीच्या काठाचे, पावसाळ्यातल्या भिंतीचे प्रत्यक्ष पाहिलेले कृत्य. येथे प्रतिशब्द मूळ शब्दाहून अधिक नेमका ठरतो. मात्र प्रत्येक विभंगात जमीन खचतेच असे नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, तेव्हा हालचाल प्रामुख्याने आडवी होती : खडक सरकला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला एक बाजू दुसरीवर रेटली गेली : खडक चढला. खचणे, सरकणे, चढणे या तीन क्रियापदांत भूशास्त्राने केलेले विभंगांचे तीन मुख्य प्रकार सामावतात.

हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. कोयनेपूर्वी द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर मानला जात असे. २०१७ मध्ये कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल वेधन पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट-नाइस लागला. बेंगळुरूच्या लालबागेत याच प्राचीन कुळातला खडक उघड्यावर आहे आणि त्यावर फिरणाऱ्याला तो अचल वाटतो. कोयनेच्या खोऱ्यात तो झाकलेला आहे आणि तुटलेला. अशा जमिनीवर घर बांधणाऱ्याला तिचे वर्तन कळायचे, तर ‘विभंग’ ही संज्ञा एकटी पुरणार नाही आणि ‘दोष’ हे भाषांतर तर त्याची दिशाभूल करील. हानी झाली की माणूस दोषी शोधू लागतो. बांधकामात, नियोजनात तो सापडेलही. खडकात सापडणार नाही.

इंग्रजी संज्ञेला खाणकामगाराची दृष्टी लाभली. मराठीत नाम संस्कृताने दिले. क्रियापदे विहीर खणणाऱ्यांच्या आणि घर बांधणाऱ्यांच्या बोलीत तयार होती. परिभाषाकोशात ‘विभंग’ असू द्यावा. त्याच्या स्पष्टीकरणात मात्र खचणे, सरकणे आणि चढणे यांना मानाचे स्थान मिळावे.